गिरणी-कामगारांची सोबत

मुंबईच्या परळ-लालबाग भागांत एके काळीं पहाटे गिरण्यांचे भोंगे वाजत. एका गिरणीचा भोंगा थांबतो न थांबतो तोंच दुसरीचा सुरू होई, आणि त्या आवाजाबरोबर चाळींचे जिने माणसांनीं भरून जात. घरीं घड्याळ असणें ही त्या वस्तींत फार थोड्यांची गोष्ट होती; भोंगा हेंच सर्वांचें घड्याळ. या भोंग्यानें हजारों माणसें एका वेळीं उठविलीं, एका दरवाजांतून आंत घेतलीं आणि एका छपराखालीं उभीं केलीं, इतकें खरें. परंतु एका छपराखालीं उभीं राहिलेलीं माणसें तेवढ्यानेंच एकमेकांचे सोबती होतात असें नाहीं. ही सोबत कोणीं निर्माण केली, ती कशाच्या आधारावर टिकली, आणि ती कोठें जाऊन अडली, याचा विचार हा मुंबईच्या इतिहासाचाच एक भाग आहे.

मुंबईंतील पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांच्या उद्योगांतून उभी राहिली. त्यांनीं १८५४ सालीं कंपनी स्थापन केली आणि १८५६ सालीं ताडदेव येथें तिचें काम सुरू झालें. यंत्रें विलायतेंतून आलीं. भांडवल शहरांतील व्यापाऱ्यांचें होतें. हात मात्र बाहेरून यावयाचे होते, आणि ते आले मुख्यतः कोंकणांतून व घाटावरून. त्यांत रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा सर्वांत मोठा. त्याशिवाय सातारा, पुणें, अहमदनगर, कोल्हापूर या भागांतूनही माणसें आलीं. उत्तर हिंदुस्थानांतून आलेल्या मुसलमान विणकरांनीं मदनपुऱ्याची वस्ती भरली. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत गिरण्यांतील कामगारांची संख्या दीड लाखाच्या घरांत गेली. परळ, लालबाग, शिवडी, वरळी, नायगांव, भायखळा या पट्ट्यास लोक गिरणगांव म्हणूं लागले.

हें नांव विचार करण्यासारखें आहे. शहरांत आलेल्या माणसांनीं आपल्या वस्तीस शहराचें नांव न देतां गांवाचें नांव दिलें. त्याचें कारण असें कीं, त्यांतील बहुतेकांचें एक पाऊल गांवांतच होतें. कोंकणांतील कुटुंबाची जमीन थोडी, तिच्यावर खाणारीं तोंडें अनेक. म्हणून एक भाऊ बोटीनें मुंबईस येई आणि बाकीचे घर सांभाळीत. बायकामुलें मागें राहत. दरमहा मनिऑर्डर गांवीं जाई, आणि शिमग्याला, गणपतीला किंवा लावणीच्या दिवसांत तो स्वतः जाई. अशा माणसाला मुंबईंत घर नव्हतें. त्याला हवी होती पाठ टेकण्यापुरती जागा, दोन वेळचें जेवण आणि अडीअडचणीस धांवून येणारें कोणी तरी माणूस. गिरणगांवची सोबत या तीन गरजांतून जन्मास आली.

गिरणींत शिरावयाचें म्हणजे प्रथम जॉबर गांठावा लागे. नोकरी देण्याघेण्याचा व्यवहार मालकानें आपल्या हातीं न ठेवतां या मुकादमाच्या हातीं सोंपविला होता. सकाळीं दरवाजाबाहेर माणसांची रांग उभी असे. आंत कोणी गैरहजर असेल त्याच्या जागीं जॉबर त्या रांगेंतून माणूस उचली. त्यास बदली म्हणत. बदली कामगाराचा दिवस उजाडे तो, आज काम मिळेल कीं नाहीं, या चिंतेनें. जॉबर लोभी असला तर दस्तुरी घेई. चांगला असला तरी आपलें वर्चस्व सोडीत नसे. पण त्याचीही एक अडचण होती. खातें चालवावयाचें तर भरंवशाचीं माणसें हवींत, आणि भरंवशाचीं माणसें म्हणजे नात्याचीं वा गांवचीं. म्हणून एकेका खात्यांत एकेका गांवाकडचीं माणसें गोळा होत. मालकास स्वस्तांत माणसें मिळवून देणारी ही व्यवस्था होती. पण तिच्यामुळेंच शेजारच्या यंत्रावर उभा असलेला माणूस पुष्कळदां परका नसे.

काम मिळालें तरी पैसा हातीं येण्यास अवकाश असे. महिना संपल्यावर पगार लगेच होत नसे. तो पुढच्या महिन्यांत दहा-पंधरा दिवस उलटल्यावर मिळे. म्हणजे नव्या माणसानें सुमारें दीड महिना पगारावांचून काढावयाचा. हा दीड महिना त्यास कोण जगवी? वाणी उधार देई. पठाण व्याजानें पैसे देई, आणि पगाराच्या दिवशीं दरवाजाशीं उभा राही. परंतु या दोघांच्याही आधीं त्यास जगवी ती गांवकऱ्यांची खोली आणि खाणावळ.

एका गांवचीं माणसें मिळून चाळींत एक खोली भाड्यानें घेत. भाडें वांटून देत. खोलींत प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. माणसें इतकीं असत कीं सर्व एकाच वेळीं निजणें शक्य नसे. पण गिरणीच्या पाळ्यांनींच ती अडचण दूर केली. एक पाळी कामावर गेली कीं तिची जागा परत आलेल्या पाळीनें घ्यावी. उन्हाळ्यांत गॅलरी, जिना, रस्त्याची कड, हींही शय्यागृहेंच होत. नवा आलेला गांवकरी काम मिळेपर्यंत या खोलींत राही आणि त्याच्याकडे भाडें कोणी मागत नसे. त्यानें तें पुढें आपल्यासारख्याच दुसऱ्या नव्या माणसास राहूं देऊन फेडावें, असा अलिखित नियम होता. गांवांत कोणी वारलें तर तिकिटाचे पैसे खोली उभे करी; कोणी आजारी पडलें तर त्याच्या उशाशीं खोलीच बसे.

खाणावळ चालवीत त्या बहुधा बायका. कोणी विधवा, कोणी कामगाराचीच बायको, कोणी गिरणींतून कमी केलेली. आपल्या एका खोलींत चुलीवर पंधरा-वीस माणसांच्या भाकऱ्या थापावयाच्या आणि महिनाअखेर हिशेब करावयाचा, हा त्यांचा धंदा. त्यांचा दिवस भोंग्याच्याही आधीं सुरू होई. जेवणारे मामा, काका, भाऊ म्हणून हांक मारले जात, आणि तेही त्या बाईस मावशी किंवा वहिनी म्हणत. हें नातें नुसतें तोंडचें नव्हतें. पगार झाला नाहीं म्हणून ताट बंद झालें, असें सहसा होत नसे. कारण तो माणूस टिकला तर खाणावळ टिकणार, हें तिलाही ठाऊक होतें. या व्यवहारांत माया आणि हिशेब यांची सरमिसळ होती, आणि गरिबांच्या सोबतींत ती असावयाचीच.

आतां गिरणीच्या आंतील जीवन पाहावें. सूत कातण्याच्या खात्यास कामगार त्रासन म्हणत आणि विणकामाच्या खात्यास सांचेखातें. सांचेखात्यांत शेंकडों माग एकाच वेळीं चालत, आणि त्यांच्या खडखडाटांत शेजारच्याचें बोलणें ऐकूं येत नसे. ओंठांच्या हालचालींवरून आणि हातांच्या खुणांवरूनच काम चाले. हवेंत कापसाचे तंतु तरंगत. सूत तुटूं नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवीत. पूर्वीं कामाचा दिवस सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा होता. १९०५ च्या सुमारास विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची मर्यादाही गेली. कांहीं गिरण्यांत चौदा तासांच्याही पुढें काम होऊं लागलें. १९११ च्या कायद्यानें पुरुषांसाठीं बारा तासांची मर्यादा घातली, १९२२ च्या कायद्यानें आठवड्यास साठ तासांची, १९३४ च्या कायद्यानें चौपन्न तासांची आणि १९४८ च्या कायद्यानें अठ्ठेचाळीस तासांची.

इतका दीर्घ दिवस माणूस एकट्यानें काढूं शकत नाहीं. १९०८ सालच्या फॅक्टरी कामगार कमिशननें नोंदविलें आहे कीं, कामगार दिवसांतून बराच वेळ यंत्रापासून दूर, गिरणीच्या आवारांत आढळतात. मालकांच्या दृष्टीनें हा आळस होता. पण यंत्र तर चालूच असे. मग तें कोण पाही? शेजारचा पाही. एकानें विडी ओढून यावें, भाकरी खाऊन यावें, घटकाभर पाठ टेकून यावें, तोंवर दुसऱ्यानें आपल्या यंत्राबरोबर त्याचेंही पाहावें. मग दुसऱ्यानें जावें. नियमांनीं न दिलेली विश्रांति कामगारांनीं अशी एकमेकांकडून मिळविली. कापडांत दोष निघाला तर तें खराब कापड विणकराच्याच गळ्यांत मारून त्याची किंमत पगारांतून कापण्याची रीत पुष्कळ गिरण्यांत होती. म्हणून शेजाऱ्याचा तुटलेला धागा वेळेवर दिसणें हा केवळ सौजन्याचा प्रश्न नव्हता. तो त्याच्या घरच्या मनिऑर्डरीचा प्रश्न होता.

गिरणींत बायकाही होत्या. १९२० च्या सुमारास कामगारांत त्यांचें प्रमाण सुमारें पांचवा हिस्सा होतें. त्या मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या खात्यांत असत आणि त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या बाईस नायकीण म्हणत. पाळण्यांतलें मूल घरीं टाकून दिवसभर गिरणींत उभें राहणें, ही त्यांची सर्वांत मोठी यातना. मूल रडूं नये म्हणून त्यास अफूची गोळी देऊन निजविण्याची चाल त्या काळच्या डॉक्टरांनीं नोंदविली आहे. ज्या बाईच्या शेजारीं कोणी वडीलधारी बाई असे, तिचें मूल तेवढें वांचे. १९२९ सालीं मुंबई इलाख्यांत बाळंतपणाच्या रजेचा व भत्त्याचा कायदा झाला. तोंपर्यंत बाळंतिणीस आधार होता तो शेजारणीचाच. कवि नारायण सुर्वे यांचें उदाहरण सर्वांस माहीत आहे. टाकून दिलेल्या त्या तान्ह्या मुलास गंगाराम सुर्वे या गिरणी-कामगारानें उचलून घरीं आणलें, आपलें नांव दिलें आणि वाढविलें. ज्याच्या घरीं स्वतःसच पुरेसें नव्हतें, त्यानें आणखी एक तोंड आपलें मानलें.

ही सोबत प्रथम सार्वजनिक रूपानें दिसली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या काळीं. लोखंडे हे सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि १८८० पासून ‘दीनबंधु’ पत्राचे चालक. १८८४ सालीं त्यांनीं कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारें साडेपांच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यांतील मागण्या आज वाचल्या म्हणजे त्यांचा साधेपणा मनास लागतो. आठवड्यांत एक दिवस सुटी असावी; दुपारीं अर्धा तास विश्रांति मिळावी; पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत तरी हातीं पडावा; कामावर जखमी झालेल्यास पोटापुरतें मिळावें. २४ एप्रिल १८९० रोजीं महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारें दहा हजार कामगार जमले. त्या सभेंत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षीं जून महिन्यांत मालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली, आणि पुढल्या वर्षींच्या कायद्यानें आठवड्याची सुटी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांति यांस आधार दिला.

रविवार मिळाला म्हणजे केवळ झोंप मिळाली असें नव्हे. मनुष्यास आपल्या सोबत्याचें तोंड यंत्राशिवाय पाहावयास मिळालें. भजनी मंडळें, तालमी, नाटकें यांस अवसर सांपडला. कोंकणच्या माणसांनीं नमन, दशावतार, शक्ति-तुरा आणले. देशावरच्यांनीं तमाशा आणि लेझीम. तालमींत पोरें कसरत करीत, आणि तालमीस वर्गणी देण्यांत जॉबर आपली प्रतिष्ठा मानी. दसऱ्याच्या सुमारास गिरण्यांतून यंत्रांची पूजा होई. ज्या मागानें वर्षभर छळलें त्यासच झेंडूची माळ घालीत. पुढें परळच्या दामोदर हॉलमध्यें कामगारांचीं नाटकें रंगूं लागलीं, आणि १९४४ सालीं अमर शेख, अण्णा भाऊ साठे व गव्हाणकर यांनीं लाल बावटा कलापथक काढलें. त्यांतील अण्णा भाऊंनीं स्वतः गिरणींत काम केलें होतें. गिरणगांवचा करमणुकीचा संसार असा कामगारांच्या वर्गणीवर उभा राहिला.

अशा रीतीनें बांधलेल्या समाजांत एक शक्ति सुप्त होती. २२ जुलै १९०८ रोजीं लोकमान्य टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवसापासून गिरण्या बंद पडूं लागल्या, आणि शिक्षेच्या एकेका वर्षासाठीं एकेक दिवस याप्रमाणें सहा दिवस कामगार बाहेर राहिले. लष्कर आलें, गोळीबार झाला, माणसें मेलीं. त्या वेळीं कामगारांची मजबूत अशी संघटना नव्हती. हांक पोंचली ती खोलींतून खोलींत, खाणावळींतून खाणावळींत.

येथपर्यंतची हकीकत अभिमानाची आहे. पण इतिहास अर्धाच सांगणें म्हणजे खोटें सांगणें होय. या सोबतीला एक भिंत होती, आणि ती मालकानें बांधलेली नव्हती.

पुष्कळ गिरण्यांत पिण्याच्या पाण्याचे माठ जातीप्रमाणें निराळे असत. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींचा कामगार त्रासनमध्यें उभा राही, तेथेंच घाम गाळी, त्याच हवेंतले तंतु त्याच्याही छातींत जात. पण तहान लागली कीं त्याचा माठ वेगळा. सांचेखात्याचा दरवाजा तर त्यास बंदच होता. याचें कारण धोटा. मागावरच्या धोट्यांतील सुताची कांडी संपली म्हणजे नवी घालावी लागे, आणि तिचें टोंक धोट्याच्या बारीक भोकांतून बाहेर काढण्यासाठीं विणकर भोकास तोंड लावून श्वासानें तें ओढून घेई. लँकेशायरमध्यें या क्रियेस धोट्याचें चुंबन म्हणत, आणि तिच्यामुळें रोग पसरतो अशी तेथें तक्रार होती. मुंबईंत भीति रोगाची नव्हती, विटाळाची होती. एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडास लागणार. तेव्हां जातीचा माणूस तेथें चालेल, जातीबाहेरचा चालणार नाहीं, असा स्पृश्य कामगारांचा आग्रह. दुसऱ्याची थुंकी त्यांस चालत होती. ती कोणाची, एवढाच प्रश्न होता. आणि सांचेखात्यांतील काम हें त्रासनपेक्षां अधिक पगाराचें असल्यानें, या विटाळाची किंमत दरमहा रुपयांत मोजली जात होती.

खोलीचेंही तेंच. गांवकऱ्यांची खोली म्हणजे गांवांतील एका वाडीची खोली. वेशीबाहेरच्यांची खोली निराळी, चाळही पुष्कळदां निराळी. गांवानें मुंबईस जी माया पाठविली, त्याच गांठोड्यांत बांधून आपली अस्पृश्यताही पाठविली होती.

१९२८ सालचा मोठा संप हा या दोन्ही गोष्टींचा कस ठरला. त्याचें मूळ कारण विलक्षण बोलकें आहे. व्यापाराच्या मंदींत खर्च कमी करण्यासाठीं मालकांनीं विणकरास दोन मागांऐवजीं तीन माग आणि कातणाऱ्यास अधिक चात्या देण्याची योजना काढली. तिसरा माग घेणाऱ्यास कांहीं पैसे अधिक मिळाले असते. पण तिसरा माग म्हणजे शेजाऱ्याचा माग, हें कामगारांनीं ओळखलें. त्यांनीं तो नाकारला. एप्रिलमध्यें गिरण्या बंद पडल्या त्या ऑक्टोबरच्या आरंभीं उघडल्या. सुमारें दीड लाख माणसें सहा महिने पगारावांचून राहिलीं. ना. म. जोशी, श्रीपाद अमृत डांगे, निंबकर, मिरजकर यांच्याबरोबर अर्जुन आत्माराम आळवे यांच्यासारखे गिरणींतूनच पुढें आलेले पुढारी होते, आणि गिरणी कामगार युनियन त्याच वर्षीं मे महिन्यांत स्थापन झाली. परंतु सहा महिने निभावले ते भाषणांवर नव्हे. पुष्कळ माणसें गांवीं परतलीं आणि शेतावर राहिलीं. जीं राहिलीं त्यांस खाणावळींनीं उधारीवर जेवूं घातलें. वाण्यांनीं खातीं वाढविलीं. जो जॉबर संपाविरुद्ध गेला, त्यास आपल्याच माणसांत मान उरला नाहीं.

याच संपांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं तो अवघड प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला. अस्पृश्य कामगारांनीं संपांत उपाशी राहावयाचें तें कशासाठीं? ज्या सांचेखात्याच्या मागासाठीं झगडा चालला आहे, त्या सांचेखात्यांत त्यांस पाऊल ठेवतां येत नाहीं. सर्व खातीं त्यांस मोकळीं व्हावींत ही मागणी नसेल, तर आपल्या लोकांस संपापासून दूर राहण्यास सांगूं, असें त्यांनीं बजावलें. संप समितीनें नाखुषीनें ती मागणी आपल्या यादींत घेतली. मालकांच्या बाजूनें उत्तर आलें तें असें कीं, हा अन्याय असेल तर त्याची जबाबदारी आपली नाहीं. मालकांचीं बहुतेक उत्तरें सबबी होत्या. या एका उत्तरांत मात्र खोंच होती, आणि ती कामगारांनाच लागावयास हवी होती. जबाबदारी मालकांचीही होतीच. खात्याचा दरवाजा त्यांच्या मालकीचा होता. पण त्या दरवाजांत आडवा उभा राहणारा माणूस संपकरीच होता.

मागणी यादींत चढली, तरी तोंडास लागणारा धोटा एका दिवसांत शुद्ध झाला नाहीं. वस्तुतः हातानें सूत ओढतां येईल असे धोटे जगांत निघाले होते. अडचण यंत्राची फार थोडी होती. शेजाऱ्याचा माग आपण घेणार नाहीं, असें म्हणणाऱ्या माणसानें त्याच शेजाऱ्यास माग मिळूं द्यावयाचा नाहीं, हा विरोध डोळ्यांसमोर असूनही फार वर्षे दिसला नाहीं. तरी पाऊल पुढें पडलें. ७ नोव्हेंबर १९३८ रोजीं औद्योगिक कलहाच्या बिलाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला, तेव्हां आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावट्याचे पुढारी एकत्र उभे होते. सोबत ही एकदां जुळली म्हणजे कायमची जुळली, असें नसतें. ती पुनःपुन्हां जुळवावी लागते, आणि प्रत्येक वेळीं कोणी तरी आपल्या माठावरचा हक्क सोडावा लागतो.

स्वातंत्र्यानंतरच्या काळांत जॉबराचें राज्य ओसरलें, पाळ्या व पगार नियमित झाले, पाण्याचे वेगळे माठ कायद्यानें गुन्हा ठरले. खाणावळी मात्र चालूच राहिल्या. १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं या खाणावळवाल्या बायकांस एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलें आणि त्यांना बँकेचें कर्ज मिळवून दिलें. शंभर वर्षें ज्यांनीं कामगारांस उधार दिलें, त्यांस स्वतःस प्रामाणिक व्याजानें उधार देणारें कोणी नव्हतें, ही गोष्ट तोंवर कोणाच्या लक्षांतही आली नव्हती.

१८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं शेवटचा मोठा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार त्यांत होते. तो संप रीतसर मागें घेतला असें कधीं झालेंच नाहीं. तो विरून गेला, आणि त्याबरोबर गिरण्याही. पूर्वींच्या संपांत गांवानें आणि खाणावळीनें माणसें तारलीं होतीं. या वेळीं संप इतका लांबला कीं तारणारेच बुडाले; जेवणारे गेले आणि चुली विझल्या. १९९१ च्या नियमांनीं गिरण्यांच्या जमिनी विकण्यास वाट मोकळी झाली. लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या जागीं पुढें भव्य बाजार उभा राहिला. इतर अनेक आवारांत कचेऱ्यांच्या कांचेच्या इमारती आल्या. कांहीं ठिकाणीं जुनी चिमणी तेवढी शिल्लक आहे.

गिरणगांवच्या आठवणी सांगतांना लोक आतां पुष्कळदां म्हणतात कीं, त्या काळीं सारे एका कुटुंबाप्रमाणें राहत. हें म्हणणें खोटें नाहीं, पण अपुरें आहे. कुटुंबांत कोण मोडतें आणि कोण मोडत नाहीं, हें त्या काळींही ठरलेलें होतें. तरीही ज्या माणसांजवळ स्वतःचें म्हणण्यासारखें कांहीं नव्हतें, त्यांनीं खोलींतली जागा, ताटांतली भाकरी आणि मागावरचें काम एकमेकांस वांटून दिलें, आणि त्या वांटणीच्या बळावर रविवार मिळविला, कामाचे तास उतरविले, सहा-सहा महिने उपास काढले. ती वांटणी जेथें थांबली तेथें त्यांचें बळही थांबलें. जेथें ती एका माठापर्यंत, एका धोट्यापर्यंत पुढें सरकली, तेथें बळही तेवढें वाढलें. मुंबईच्या गिरणी-कामगारांचा सव्वाशें वर्षांचा इतिहास त्यांच्या गुणांसह आणि त्यांच्या दोषांसह एवढीच गोष्ट सांगतो.